फादर-संपादकांना पत्रकार म्हणून वाचा : अभ्यासमंडळांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी आणि पत्रकारिता अभ्यासमंडळांच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. पत्रकारितेच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. गाव राहुरी तालुक्यातलं. आजीच्या पत्र्याच्या पेटीत तिला 'निरोप्या' या ख्रिस्ती मासिकाचे जुने अंक सापडले होते. काहींना वाळवी लागलेली, काहींची मुखपृष्ठं गेलेली. त्यांवर लघुप्रबंध करायचा तिनं ठरवलं, टाचण लिहून काढलं आणि विभागात दिलं. आठ दिवसांनी टाचण परत आलं. "हे धर्मप्रचाराचं मासिक आहे. यात पत्रकारिता कुठे आहे?" असं तिला तोंडी सांगण्यात आलं. तिनं विषय बदलला. समाजमाध्यमांवर काहीतरी केलं, पासही झाली. अंक पुन्हा पेटीत गेले.

मी एकतीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. निवृत्तीनंतर गेली काही वर्षं तासिका तत्त्वावर बातमीलेखन शिकवतो. मी ख्रिस्ती नाही. त्या मुलीला मिळालेलं उत्तर मात्र माझ्या मनातून जात नाही. ते उत्तर देणाऱ्या प्राध्यापकांबद्दल माझी तक्रार नाही. आपण सगळ्यांनी मिळून जो अभ्यासक्रम घडवला, त्यातूनच ते उत्तर आलं आहे. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

'निरोप्या' १९०३ साली निघाला. काढणारे फादर हेन्री डोरिंग हे जर्मन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू. ठिकाण केंदळ, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. मुंबई नाही, पुणे नाही. नगर जिल्ह्यातलं एक खेडं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांनी हा मुलूख पार खिळखिळा केला होता, त्याला तीन-चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. मिशनच्या शाळांतून अक्षरओळख झालेली पहिली पिढी तिथे नुकती वाचायला लागली होती. त्यातले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातून आलेले. ज्यांच्या घरात त्याआधी छापील कागद आला तो बहुधा सरकारी नोटिशीच्याच रूपानं, त्यांच्या हातात दर महिन्याला त्यांच्यासाठी छापलेला मजकूर येऊ लागला. 'मूकनायक' १९२० साली निघाला, म्हणजे सतरा वर्षांनंतर. दोन्हींची तुलना मी करत नाही. हेतू वेगळे, धार वेगळी, उंची वेगळी. पण नगर-नाशिककडच्या गावकुसाबाहेरचा मराठी वाचक कसा घडत गेला, हे शोधायचं असेल तर १९०३ ते १९२० या वर्षांत आपण काय वाचणार आहोत?

नावाकडेही पाहा. 'दूत', 'संदेश' अशी संस्कृत वळणाची नावं हाताशी होती. या जर्मन माणसानं 'निरोप्या' हा शब्द उचलला. गावात निरोप घेऊन जाणाऱ्या माणसासाठी बायाबापड्यांच्या तोंडी असलेला शब्द. मथळे लिहिण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला अशी निवड लगेच दिसते. वाचक कोण आहे, हे पक्कं ठाऊक असलेल्या संपादकाचं हे काम आहे.

डोरिंग यांची पुढची कारकीर्द एखाद्या चरित्रकाराला झोप लागू देणार नाही अशी आहे. १९०७ साली ते पुणे धर्मप्रांताचे बिशप झाले. पहिलं महायुद्ध आलं आणि मुंबई-पुण्याकडचे जर्मन येशूसंघीय ब्रिटिश सरकारला एकदम शत्रुराष्ट्राचे नागरिक वाटू लागले. त्यांना स्थानबद्ध केलं गेलं, पुढे मायदेशी धाडलं गेलं. डोरिंग पुण्याला दुरावले. १९२१ मध्ये त्यांना जपानमध्ये हिरोशिमाच्या धर्मप्रांताची जबाबदारी मिळाली. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले, १९४८ पर्यंत धर्मप्रांत सांभाळला आणि १९५१ मध्ये पुण्यातच वारले. जन्म जर्मनीतल्या बोखोल्टचा, माती पुण्याची. त्यांनी सुरू केलेलं मासिक मात्र संपादकांमागून संपादक बदलत चालत राहिलं आणि त्यानं शंभरी ओलांडली. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात शंभर वर्षं टिकलेली नावं बोटांवर मोजावी लागतात. त्यातल्या एकावर लघुप्रबंध करायला आपल्या एका विद्यार्थिनीला परवानगी मिळत नाही, ही गोष्ट आपल्याला टोचायला हवी.

येशूसंघीय माणसाची कारकीर्द म्हणजे काय, हेही थोडं सांगायला हवं. १५४० साली मान्यता मिळालेल्या या संघात माणूस दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी व्रतं घेतो. शिक्षण वर्षानुवर्षं चालतं: नवदीक्षितांचा काळ, तत्त्वज्ञान, मध्ये प्रत्यक्ष कामाची काही वर्षं, मग ईश्वरशास्त्र. त्यानंतर वरिष्ठ सांगतील तिथे जायचं. आज महाविद्यालयात इतिहास शिकवणारा उद्या खेड्यातल्या मिशनवर असतो, परवा मासिकाच्या टेबलावर. लिखाणाचे पैसे स्वतःच्या खिशात येत नाहीत. मुंबईच्या 'एक्झामिनर' या कॅथलिक साप्ताहिकाचे संपादक फादर अर्नेस्ट हल हे याचं चांगलं उदाहरण. हा इंग्रज येशूसंघीय विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षानुवर्षं ते साप्ताहिक चालवत होता, आणि त्याच हातानं त्यानं मुंबई मिशनचा दोन खंडांचा इतिहास लिहिला. आठवड्याची मुदत पाळायची आणि दप्तरखान्यात बसून जुनी कागदपत्रंही चाळायची, असं दुहेरी आयुष्य आपल्याकडे फार थोड्या संपादकांच्या वाट्याला आलं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयी. मराठीच्या अभ्यासक्रमात ते आहेत, हे मला माहीत आहे. 'ख्रिस्तपुराण'कर्ते म्हणून आहेत, मराठीची थोरवी गाणाऱ्या चार ओव्यांसाठी आहेत. मराठी भाषा दिनाच्या भाषणात त्या ओव्या हमखास येतात, टाळ्याही पडतात. पत्रकारितेच्या वर्गात मात्र त्यांचं नाव कुणी काढत नाही.

स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. पोहोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनमधल्या वडिलांना पत्र लिहिलं. पुढे ते इंग्लंडमध्ये छापलं गेलं, म्हणून आज वाचायला मिळतं. मी ते वर्गात वाचून दाखवतो, बातमीलेखनाचा धडा म्हणून. वारा पडला की विषुववृत्तापाशी जहाज कसं दिवसचे दिवस अडकून पडतं, नाविक कोणत्या पक्ष्यांवरून जमीन ओळखतात, पंख असलेले मासे कसे उडतात, हे सगळं त्यात आहे. आणि स्कर्व्हीचं वर्णन आहे. हिरड्या सुजतात, पाय सुजतात, माणूस निकामी होतो. जहाजावर दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, त्यातले सत्तावीस मेले. मग एक वाक्य येतं: इतर सफरींच्या मानानं ही हानी लोकांना फारशी वाटली नाही. तिथे मी थांबतो आणि मुलांना विचारतो, या वाक्यात लेखकानं स्वतःचं मत कुठे घातलं आहे? कुठेच नाही. आकडा दिला, आजूबाजूच्यांची प्रतिक्रिया दिली आणि पुढे गेला. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. भारतात राहायला आलेला, नोंद असलेला हा पहिला इंग्रज. त्याचं पहिलंच लिखाण वार्तांकन आहे.

चार वर्षांनी, १५८३ मध्ये त्यांनी भावाला लिहिलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात हाच विचार १७८६ मध्ये मांडला आणि तो जगभर गाजला. स्टीफन्स यांचं निरीक्षण घरगुती पत्रातच राहिलं.

आणि १६०८ चं पत्र. हे पत्र मुद्रणकलेच्या प्रत्येक तासाला वाचलं जावं असं मला मनापासून वाटतं. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. पण तो रोमी लिपीचा. स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघाच्या मुख्य वरिष्ठांना कळवलं की इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे. अडचण त्यांनी नेमकी सांगितली: ही अक्षरं जोडून चालतात, त्यामुळे सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतील. उपायही सांगितला: ती संख्या दोनशेवर आणता येईल. मोनोटाइप, लायनोटाइप या खिळे जुळवणाऱ्या यंत्रांच्या आणि पुढे संगणकाच्या काळात देवनागरीवर जी डोकेफोड झाली, खिळ्यांची संख्या कमी कशी करायची म्हणून, तिची सुरुवात या पत्रात आहे. परवानगी किंवा पैसा, काहीतरी अडलं. १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं ते राशोलला, रोमी अक्षरांत. मराठीला देवनागरी खिळे मिळायला पुढे दोनशे वर्षं जावी लागली, आणि तेही श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांकडे, बंगालमध्ये. 'दर्पण' निघाला १८३२ मध्ये. स्टीफन्स यांच्या हाती ते दोनशे साचे पडले असते तर मराठी छपाईचा इतिहास कुठून सुरू झाला असता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

'ख्रिस्तपुराणा'तलीही एक गोष्ट आपण वर्गात सांगत नाही. गोव्यातल्या सासष्टीच्या नवख्रिस्ती लोकांना त्यांची जुनी पुराणं वाचायची बंदी झाली होती. स्टीफन्स यांनी त्या लोकांचं गाऱ्हाणं आपल्या काव्यातच नोंदवलं आहे: आधीची पुराणं तुम्ही थांबवलीत, तर मग तशीच दुसरी आम्हाला का देत नाही? दहा हजारांहून जास्त ओव्यांचा हा ग्रंथ वाचकाच्या मागणीतून उभा राहिला, आणि ती मागणी करणारा वाचक त्यात बोलताना दिसतो. वाचकांचा पत्रव्यवहार हे सदर आपल्याकडे यायला किती शतकं लागली, ते आठवून पाहा.

आता आक्षेप. मला ते टाळायचे नाहीत.

पहिला आक्षेप असा की हे सगळं धर्मप्रसारासाठी होतं. होतंच. स्टीफन्स यांच्या काळच्या गोव्यात देवळं पाडली गेली होती, १५६० पासून इन्क्विझिशन हे चर्चचं धर्मन्यायालय सुरू होतं, आणि पुराणांवर बंदी घालणारी सत्ता स्टीफन्स यांच्याच धर्माची होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोक खवळले आणि पाच येशूसंघीय मारले गेले, त्याच्या मुळाशी हाच छळ होता. हे झाकून स्टीफन्स शिकवावेत असं मी कधीच म्हणणार नाही. उलट या सत्तेच्या आत राहून एक माणूस लोकांच्या भाषेसाठी खिळे मागतो, आणि १६८४ मध्ये त्याच सत्तेचा व्हाइसरॉय लोकभाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढतो, ही ओढाताण विद्यार्थ्यांसमोर ठेवा. शिकवण्यासारखं याहून काय असतं? निव्वळ 'मिशनऱ्यांचे योगदान' या शीर्षकाखाली दोन परिच्छेद गौरवाचे देऊन पान उलटलं, की आपण गौरवही खोटा करतो आणि टीकाही.

आणि हेतू असलेलं नियतकालिक पत्रकारितेत बसत नसेल, तर आपल्या अभ्यासक्रमात उरतं काय? 'ज्ञानोदय' १८४२ चा, अमेरिकन मराठी मिशनचा. 'दीनबंधु' १८७७ चा, सत्यशोधकांचा. 'केसरी' १८८१ चा. एकाही पत्राला हेतू नव्हता असं नाही. मराठी पत्रं निघाली ती कुणाला तरी काहीतरी पटवून द्यायचं होतं म्हणून. 'केसरी'च्या अग्रलेखांना आपण पत्रकारिता म्हणतो ते योग्यच आहे. मग केंदळच्या मासिकाला वेगळी फूटपट्टी का?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ज्यानं आज्ञापालनाचं व्रत घेतलं आहे, ज्याचं लिखाण छापण्याआधी वरिष्ठांच्या नजरेखालून जातं, त्याला स्वतंत्र पत्रकार कसं म्हणायचं? या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या स्वतःच्या नोकरीत मी मालकांच्या सांगण्यावरून बातम्या आत ढकलल्या आहेत, काही पहिल्या पानावरून काढल्या आहेत, आणि त्याची लाज मला आजही वाटते. माझं बंधन करारात लिहिलेलं नव्हतं, फादरांचं व्रतात लिहिलेलं होतं. बंधन उघड असलं की वाचकाला निदान ते माहीत असतं. अशा संपादकाला काय छापता आलं, काय आलं नाही, ओळींच्या मधून त्यानं काय पोहोचवलं, हे तपासणं हा पत्रकारितेच्या अभ्यासाचा गाभा आहे. तो अभ्यास अंक वाचल्याशिवाय होणार नाही, आणि अंक वाचायला आपण परवानगी देत नाही.

२०१९ मधलं आपल्याला आठवत असेल. ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली आणि एका धर्मगुरूला हा मान का, असा गदारोळ उठला. दिब्रिटो येशूसंघाचे नव्हते, वसईचे धर्मप्रांतीय धर्मगुरू होते. पण ज्या परंपरेबद्दल मी लिहितो आहे तिच्यातलेच. वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं, वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले, बायबल सुबोध मराठीत आणलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ते अध्यक्ष म्हणून उभे राहिले. तेव्हा मला राहून राहून वाटलं की आपल्या विद्यापीठांनी आधीची पन्नास वर्षं 'निरोप्या', 'सुवार्ता', 'ज्ञानोदय' ही नावं मुलांच्या कानावर घातली असती, तर संपादक असलेला फादर ही गोष्ट कुणाला इतकी परकी वाटली नसती. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांच्या संपादकीय कामावर एखादा प्रबंध होतो का, याची मी वाट पाहतो आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. जुनी हस्तलिखितं, शिलालेख, ताम्रपट यांच्याविषयी आता बोललं जाईल, आणि जावंच. त्याच वेळी दीडशे-शंभर वर्षांचा छापील कागद आपल्या डोळ्यांसमोर पिवळा पडून फुटतो आहे. त्या काळचा स्वस्त कागद आम्लयुक्त असतो. घडी उलगडली की तुकडा हातात येतो. शिलालेख आणखी शंभर वर्षं थांबेल. केंदळचा अंक थांबणार नाही.

म्हणून माझी मागणी. मराठी पत्रकारितेच्या इतिहासाच्या अभ्यासपत्रिकेत ख्रिस्ती नियतकालिकांवर एक स्वतंत्र घटक ठेवा, आणि त्यात संपादकांची कारकीर्द संपादक म्हणून शिकवा. स्टीफन्स यांची १५७९ आणि १६०८ ची पत्रं मराठीत आणून संदर्भवाचनात लावा. १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी आणि १९९६ मध्ये फादर कॅरिदाद द्रागो यांनी 'ख्रिस्तपुराण' देवनागरीत आणायचे कष्ट घेतले. त्यांच्या प्रस्तावनांसह तो ग्रंथ वाचायला सांगा, चार ओव्यांवर भागवू नका. लघुप्रबंधाचे विषय नाकारताना कारण लेखी द्यायची पद्धत करा, म्हणजे "यात पत्रकारिता कुठे आहे" हे वाक्य कुणाला कागदावर लिहावं लागेल आणि लिहिताना त्यावर विचारही करावा लागेल.

पुण्यातल्या येशूसंघीयांनाही याच पत्रातून विनंती करतो. तुमच्याकडे 'निरोप्या'चे जे बांधीव खंड असतील, ते या विद्यार्थ्यांसाठी खुले करा. नगर, नाशिक, जालना, औरंगाबादकडच्या चर्चमधल्या माळ्यांवर आणि लोकांच्या घरात जे सुटे अंक असतील, ते गोळा करायची हाक तुम्हीच देऊ शकता. तुमच्या शब्दावर लोक पेट्या उघडतील.

मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. वाचनाची एक कच्ची यादी मी तयार केली आहे, ती सोबत जोडतो आहे. या घटकावर तास घ्यायला कुणी मिळालं नाही तर मी येईन, मानधन नको. आणि त्या मुलीशी माझं बोलणं झालं आहे. विषय मंजूर होणार असेल तर पीएच.डी.साठी तिला तोच घ्यायचा आहे. आजी आता थकली आहे. पावसाळ्यात पेटीखाली विटा ठेवून ती अंक अजून सांभाळते आहे.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक